गुरुवारी तीनच्या आत

३ तारीख, शुक्रवार

ठमे,

आशीर्वाद लिहिले तर पाकीट तसंच परत पाठवशील, म्हणून तो मजकूर गाळतोय. फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस, तेव्हा हा जुना मार्ग. कुरिअरवाला म्हणाला, उद्या संध्याकाळपर्यंत पोचतं. पत्ता तुझ्या आईच्या डायरीतून घेतला. ती स्वयंपाकघराचं दार लावून, नळ सोडून तुझ्याशी बोलत असते आणि मला काही कळत नाही असं समजते. एकतीस वर्षं पाणीखात्यात काढलेल्या माणसाला नळ कशासाठी सोडलाय ते कळत नाही होय! समजू दे तिला.

मुद्द्याचं सांगतो. मी निवडणुकीला उभा राहिलोय. हसू नकोस. आपल्याच वॉर्डातून, आणि तेही ठेकेदाराच्या विरोधात. दोनदा निवडून आलाय, पण वॉर्डाला पाणी पंचवीस मिनिटं. ते तरी किती, बादली भरेपर्यंत करंगळीएवढी धार. लोकच घरी आले. म्हणाले, चावीवाले, जमिनीखालची एकेक नळी तुम्हाला पाठ आहे, तुम्ही नाही तर कोण? मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा नाही म्हणवलं नाही. तुझ्या बापाला कोणी हात जोडले की त्याचं डोकं फिरतं, हे तुला मी सांगायला नको.

अर्ज छाननीत पास झालाय. आता फक्त एक तारीख मधे आहे. पुढच्या गुरुवारी दुपारी तीनपर्यंत ज्याला मागे घ्यायचाय त्याने घ्यायचा. तीन वाजले की यादी पक्की. त्या दिवशी तू इथे असावीस अशी माझी इच्छा आहे. कारण स्पष्ट लिहितो, तुला गोडगोड बोललेलं खपत नाही. ठेकेदार कोपऱ्याकोपऱ्यावर सांगत सुटलाय, "ज्याच्या घरात पोटची पोरगी पाय ठेवत नाही, तो वॉर्डाचं घर काय सांभाळणार?" तू माझ्या शेजारी दहा मिनिटं उभी राहिलीस तरी त्याचं तोंड बंद होईल.

तुझ्या नवऱ्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुझ्यापर्यंत एकच बाजू आली असेल म्हणून माझी लिहून ठेवतो. जगातला कुठलाही व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो. शाळेमागच्या गल्लीतला एकच उलट्या आट्यांचा होता, उजवीकडे फिरवला की उघडायचा. लाईन धुवायचा व्हॉल्व्ह तो, त्याचं तोंड गटारात. मी रजेवर होतो. त्याने तो उजवीकडे फिरवला, नळाची वेळ संपल्यावर रिकाम्या झालेल्या पिण्याच्या लाईनीत गटाराचं पाणी ओढलं गेलं, चौतीस माणसं दवाखान्यात गेली आणि शिवणवाल्या बाईंची सहा वर्षांची पोर गेली. मी त्याला त्या व्हॉल्व्हचं दोनदा सांगितलं होतं. झाकणावर लाल पट्टाही होता. चौकशीत मला विचारलं ते मी सांगितलं. जावई म्हणून खोटं बोलायला हवं होतं का? त्याची नोकरी गेली याचं मलाही वाईट वाटलं. मीच त्याला शिकवलं होतं. तू डबा माझा आणायचीस आणि बघायचीस त्याच्याकडे, तेही मी चालवून घेतलं होतं.

आणखी एक. माझ्या अर्जावर सूचक म्हणून सही कोणाची आहे माहीत आहे? त्याच शिवणवाल्या बाईंची. स्वतःहून आल्या. म्हणाल्या, "त्या वेळी खरं बोलणारे तुम्ही एकटेच होता. स्वतःच्या जावयालाही सोडलं नाहीत." आता तूच काय ते समज.

गुरुवारी दीडला इथे पोचणाऱ्या बसने ये. मी थांब्यावर असेन.

तुझा बाप


५ तारीख, रविवार

ठमे,

येऊ नकोस.

परवा ये म्हणालो, आज नको म्हणतोय, म्हातारा चळला म्हणशील. म्हण. पण गुरुवारी येऊ नकोस, आणि तुझ्याकडे इथून कोणाचा फोन आला तर काही बोलू नकोस. तुझ्या नवऱ्यालाही सांग.

काल दुपारी ठेकेदार घरी आला होता. एकटाच. गाडी कोपऱ्यावर ठेवून चालत आला, चपला बाहेर काढल्या, तुझ्या आईला वहिनी म्हणाला, चहा मागून घेतला. साप दूध पितो तसा प्यायला. मग म्हणाला, "चावीवाले, तुमचं वय किती? एकसष्ट? बीपीही आहे ना? मग कशाला ही दगदग? तब्येतीचं कारण द्या आणि अर्ज मागे घ्या. लोक वाईट नाही वाटून घेणार. पाणी समितीवर सल्लागार म्हणून घेतो तुम्हाला, मानाने."

मी म्हणालो, "आणि नाही घेतला तर?"

त्याने खिशातून एक फोटो काढून टीपॉयवर ठेवला. कसला ते जाऊ दे. जुना फोटो. मी बघितला, त्याने परत खिशात घातला. म्हणाला, "गुरुवारी तीनच्या आत मागे घेतलात तर हा माझ्या कपाटात म्हातारा होईल. नाहीतर तीन वाजून एक मिनिटांनी घरोघरी जाईल." आणि चहा फार छान होता म्हणून गेला. मेल्याने कपसुद्धा स्वतः उचलून आत ठेवला.

मी घाबरलेलो नाही. माझ्यावर बालंट आणणारे खात्यातही कमी नव्हते, सगळ्यांना पुरून उरलो. फक्त रात्रीपासून जेवण जात नाही. तुझ्या आईने विचारलं, कसला फोटो होता? मी म्हणालो, काही नाही, कामावरचा. ती "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला लागली. एरवी ती सणकून भांडली असती.

एक विचारायचं होतं. त्या सकाळबद्दल तुझा नवरा घरी कधी काही बोलला का? झाकणाबद्दल वगैरे? सहज विचारतोय. उत्तर दिलंस तर बरं होईल.

बाप


७ तारीख, मंगळवार

ठमे,

तुझं पत्र आलं. सात वर्षांनी आलं आणि एका ओळीचं आलं. "हे म्हणतात पट्टा नव्हता. होता की नव्हता, एवढंच लिहा."

मी आधी चिडलो. म्हटलं, बापाची उलटतपासणी घेते! पाकीट फाडायला घेतलं आणि तुझं अक्षर बघून थांबलो. मग दोन कागद खरडले, दोन्हीत पट्टा होता असंच लिहिलं, दोन्ही केरात टाकले. हा तिसरा.

पट्टा होता. पण दुपारी होता. सकाळी नव्हता.

आता सुरुवात केलीच आहे तर सगळं लिहितो, अर्धं लिहिलं तर पुढचं मी पुन्हा झाकून टाकेन.

तो व्हॉल्व्ह ठेकेदारानेच बसवला होता, त्या आधी दोन वर्षं. तेव्हा तो नुसता ठेकेदार होता. कुठूनतरी स्वस्तात उचललेला माल, आटे उलटे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. खात्याचा नियम असा की उलटा व्हॉल्व्ह बसला तर झाकणाला लाल पट्टा मारायचा आणि नकाशावर नोंद करायची. पाच मिनिटांचं काम. मी केलं नाही. आळस म्हणून नाही, ठमे. आळस असता तर मला आज एवढं लागलं नसतं. मी मुद्दाम केलं नाही. माझ्या भागातल्या एकशे बारा व्हॉल्व्हांच्या खोडी माझ्या एकट्याच्या डोक्यात होत्या, म्हणून साहेब माझ्या बदलीला हात लावत नसे. कुठे काही अडलं की रजेतसुद्धा बोलावणं यायचं, "चावीवाल्यांना आणा, त्यांच्याशिवाय नाही जमायचं." मी मुद्दाम दाढीबिढी करून दहा मिनिटं उशिरा जायचो. ते मला फार आवडायचं. कागदावर लिहून ठेवलं असतं तर कोणीही आलं असतं.

तुझ्या नवऱ्याला मी एकदाही सांगितलं नव्हतं. दोनदा काय, एकदाही नाही. शिकवलं सगळं, पण असली आठ-दहा गुपितं मागे ठेवली. जावई झाला तरी ठेवली.

त्या दिवशी मी तुझ्या मावशीकडे गेलो होतो. गल्लीत लाईन दुरुस्त झाली होती आणि साहेबाने त्याला सांगितलं, सगळे धुवायचे व्हॉल्व्ह घट्ट बंद आहेत का बघून ये. दुसरा कोणी असता तर झाकणावर पाय आपटून पुढे गेला असता. त्याने एकेक उघडून चावी लावून पाहिली. हा व्हॉल्व्ह नीट बंदच होता. त्याने उजवीकडे जोर दिला, तर फिरला. त्याला वाटलं, अरे, हा उघडाच राहिलाय, बरं झालं आलो. चांगले चौदा फेरे देऊन, अडेपर्यंत फिरवून, "बंद" करून गेला.

दुसऱ्या दिवशी मी परत आलो तेव्हा गल्लीत आरडाओरडा चालला होता. मी झाकण उघडलं, चावी लावली आणि हातालाच कळलं. डावीकडे चौदा फेरे दिले, बंद केला. साहेब म्हणाला, चौकशीची माणसं चार वाजता येतायत. मी दुकानात जाऊन लाल रंगाचा छोटा डबा आणला, पट्टा मारला, वरून माती चोळली म्हणजे जुना दिसावा. मग चार वाजता त्यांच्यासमोर उभा राहून बोट दाखवलं.

ठेकेदाराने त्या दिवशी सकाळीच झाकणाचा फोटो काढून ठेवला होता. माल त्याचा होता ना, खाई त्याला खवखवे. झाकण साफ, पट्टा नाही, आणि मागे दवाखान्याची गाडी उभी. सात वर्षं तो गप्प, मी गप्प. आमच्या दोघांचं भागत होतं आणि तुझा नवरा भरडला जात होता.

हे लिहून झाल्यावर तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "त्या दिवसाचा शर्ट कोणी धुतला होता? बाहीला लाल रंग होता. रॉकेलने काढावा लागला."

मी म्हणालो, "सात वर्षं तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. पोरीशी बोलायला लागले की जीभ जड व्हायची, म्हणून नळ सोडून बोलायचे. निदान रडलेलं तुम्हाला ऐकू जाऊ नये."

तुला आता जे वाटायचं ते वाटू दे. मी काही मागत नाही.

बाप


८ तारीख, बुधवार

ठमे,

कालचं पत्र तुला आज मिळालं असेल. हे उद्या मिळेल, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल.

माणसाची जात किती हलकट असते बघ. काल तुला सगळं लिहिलं, मन हलकं झालं, आणि हलकं झाल्याबरोबर डोकं पुन्हा चालायला लागलं. सकाळी दाढी करताना म्हटलं, मागे कशाला घ्यायचा? ठेकेदाराने फोटो वाटला तर सांगायचं, खोटा आहे. लोक कोणाचं ऐकतील, त्याचं की माझं? माझंच ऐकतील. निवडून येईन, मग त्या व्हॉल्व्हचा माल कोणी दिला याची फाईल उघडेन आणि ठेकेदाराला चांगला सरळ करेन. तुझ्या नवऱ्याचं नंतर बघू, सावकाश, काहीतरी करू. आरशात बघून मी एकदा मान हलवलीसुद्धा.

मग दहाच्या सुमाराला शिवणवाल्या बाई आल्या. मशीन बंद ठेवून आल्या होत्या, गळ्यात टेप तशीच. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो मेला काल माझ्या दुकानात आला होता. फोटो दाखवला मला. म्हणे, बघा, ज्याच्यासाठी सही केलीत त्याने पट्टा नंतर मारलाय."

मी म्हणालो, "मग?"

"मग काय! कात्री घेऊन उठले. म्हटलं, माझ्या पोरीचं नाव पुन्हा काढलंस तर जीभ कापून हातात देईन. चावीवाले खोटं बोलणार नाहीत. एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल."

ठमे, माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी इथपर्यंत. त्या समोर उभ्या, तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, दोघी माझ्याकडे बघतायत. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "चहा घेता का?"

त्या म्हणाल्या, नको, ऑर्डर पडून आहेत. जाताना म्हणाल्या, "उद्या तीन वाजता मी तिकडे येणार आहे. तो मला सही मागे घ्यायला लावतो की काय ते बघतेच."

तुझी आई दिवसभर माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढलं आणि शेजारणीकडे जाऊन बसली. ठेकेदाराची गाडी कोपऱ्यावर उभीच आहे, आत दोघं बसलेत. मी खिडकीशी गेलो की ते वर बघतात.

सरळ मार्ग एकच आहे असं म्हणतात. मला तीन दिसतायत. गप्प बसून अर्ज मागे घेतला तर मी सुटतो, तुझा नवरा अडकलेलाच राहतो. गप्प बसून उभा राहिलो तरी तेच, वर मी निवडून येतो. तिसरा मार्ग त्या बाईंच्या दुकानातून जातो. त्यांच्याइतकी भीती मला त्या फोटोचीही वाटत नाही.

तुझा फोन येईल म्हणून दुपारभर बसलो होतो. आला नाही. बरोबर आहे.

बाप


९ तारीख, गुरुवार, संध्याकाळी पाच

ठमे,

अर्ज मागे घेतला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी.

झालं ते क्रमाने सांगतो. सकाळी अकराला घरातून निघालो. कोपऱ्यावरची गाडी मागोमाग निघाली. मी कचेरीकडे न वळता शिवणवाल्या बाईंच्या दुकानाकडे वळलो तशी ती थांबली. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत मी बाहेर उभा राहिलो. मग आत गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोललो असतो.

त्या मशीन चालवत होत्या. मी बोलत होतो तोवर पाय चालूच होता. कापड संपलं, नुसती सुई खालीवर होत राहिली. मी "पट्टा दुपारी मारला" म्हणालो तेव्हा पाय थांबला.

मग त्यांनी विचारलं, "त्याने किती फेरे दिले म्हणालात?"

"चौदा."

"आणि प्रत्येक फेऱ्याला त्याला वाटत होतं, मी बंद करतोय?"

"हो."

"आणि तुम्ही त्याला म्हणालात की तुला सांगितलं होतं."

"हो."

मला वाटलं होतं कात्री घेतील. घेतली असती तर मी हललो नसतो, खरं सांगतो. त्या म्हणाल्या, "जा. मला तुमचं तोंड बघवत नाही." मी तिथून निघालो.

कचेरीत पाऊण वाजता पोचलो. तिथे लांब बाक आहे, त्यावर बसून दोन कागद लिहिले. एक अर्ज मागे घेण्याचा, दोन ओळींचा. दुसरा पाणीखात्याच्या साहेबांच्या नावाने, पाच पानांचा. तुला लिहिलं तेच सगळं, व्हॉल्व्ह कोणी पुरवला त्यासकट. भिंतीवरचं घड्याळ पुढे जातंय आणि माझं पान संपत नाही, असं चाललं होतं.

ठेकेदार अडीचला आला, पांढरे कपडे घालून, माणसं घेऊन. माझ्याकडे बघून हसला. मी उठून अधिकाऱ्याच्या टेबलापाशी गेलो आणि दोन ओळींचा कागद दिला. अधिकारी तरुण बाई आहे, शिस्तीची. तिने विचारलं, "कोणाच्या दबावाखाली घेताय का?" मी म्हणालो, "नाही. उलट आज पहिल्यांदा बिनदबावाचा आहे." तिने शिक्का मारला. ठेकेदाराने पुढे येऊन हात मिळवला, म्हणाला, "शहाणपणा केलात." मी म्हणालो, "थांबा, दुसराही कागद आहे." पाच पानी कागदाच्या झेरॉक्स समोरच्या दुकानातून काढून आणल्या होत्या, त्यातली एक प्रत त्याच्या हातात ठेवली. पहिलं पान वाचून होईपर्यंत तो हसतच होता. दुसऱ्या पानावर त्याचं नाव आहे.

"वेडा आहेस का तू?" तो म्हणाला. अहो-जाहो गेलं. "अर्ज मागे घेतलास ना? मग हे कशाला? फोटो मी फाडला असता!"

मी म्हणालो, "फाडू नका. तो जोडायचाय याला."

मग बाहेर आलो. पंचवीस-तीस माणसं जमली होती, माझीच माणसं. पायरीवर उभं राहून त्यांना तो कागद वाचून दाखवला. मधेच कोणीतरी ओरडलं, "चावीवाले, मग उभे तरी राहा! एवढं खरं बोलणाऱ्याला आम्ही निवडून देऊ!" चारजणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. यासाठीच आधी मागे घेतला होता, ठमे. मला माहीत होतं ते असं म्हणतील आणि मला माझाही भरवसा नव्हता. मी म्हणालो, टाळ्या वाजवू नका, ज्याची नोकरी गेली तो इथे नाही. पुढचं मला वाचता आलं नाही. उरलेली दोन पानं तुझ्या आईने वाचली. ती कधी येऊन मागे उभी राहिली मला कळलंच नाही. खणखणीत वाचलं तिने.

शिवणवाल्या बाई आल्या नाहीत.

घरी आलो तेव्हा दारावर कोणीतरी शेण फेकलं होतं. दवाखान्यात गेलेल्या चौतीस माणसांच्या घरचं कोणीही असेल, सगळ्यांचाच हक्क आहे. मी बादली घेऊन धुतलं. तुझ्या आईने आज जेवायला बोलावलं, "चला" एवढंच म्हणून.

बाप


१० तारीख, शुक्रवार

जावईबापू,

हे पत्र तुम्हाला आहे, तिला नाही. कामावर तुम्हाला अरे-तुरे करायचो, लग्नानंतरही तेच चालू ठेवलं. आज तुम्ही लिहितोय. सवय नाही म्हणून हात अडखळतोय, पण लिहितोय.

माझ्या कागदाची एक प्रत सोबत आहे. मूळ कागद आज साहेबांच्या कचेरीत देऊन आलो, तिथला शिक्का आहे तिच्यावर. चौकशी पुन्हा उघडतील, तुम्हाला बोलावणं येईल, मलाही येईल. तेव्हा मी काय सांगणार ते या पाच पानांत आहे. त्यातलं एक अक्षर मी बदलणार नाही. माझी माफी मात्र यात लिहिलेली नाही. ती कागदावर मागण्यासारखी गोष्ट नाही.

आज सकाळी साडेसातला दार वाजलं. शिवणवाल्या बाई होत्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याचा पत्ता द्या."

मी विचारलं, "कशाला?"

तुम्ही सामान टेम्पोत भरत होता त्या दिवशी या बाई सगळ्या गल्लीदेखत तुमच्या अंगावर थुंकल्या होत्या. तुम्ही तोंड पुसलं आणि गादी उचलून टेम्पोत टाकली. मी खिडकीतून पाहत होतो. मी खिडकी लावून घेतली होती. हे पाच पानांत नाही, म्हणून इथे लिहितोय.

त्या म्हणाल्या, "सात वर्षं मी रोज सकाळी मशीनला तेल घालताना त्या पोराला शाप दिलेत. एक दिवस चुकवला नाही. ते मला परत घ्यायचेत."

मी म्हणालो, "बाई, तुमचा काय दोष? गुन्हेगार मी आहे. मी जाऊन पाय धरतो त्याचे."

त्या म्हणाल्या, "तुम्ही नंतर. आधी मी."

पत्ता दिला. रविवारी सकाळच्या बसने निघतील, दुपारी एकच्या सुमाराला तुमच्याकडे पोचतील. गुडघ्यांचा त्रास आहे, जिना चढवत नाही. तुम्ही खाली उतरून त्यांना घ्यायला या. फार बोलत नाहीत, तुम्हीही बोलायला लावू नका. पोरीबद्दल त्या काही बोलल्या तर तेवढं ऐका.

मी त्यांच्या मागे आहे. माझा नंबर कधी लावायचा ते तुम्ही दोघांनी ठरवा. नाही लावलात तरी मी जागेवरून हलणार नाही.

तुमचा सासरा